प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा ऑनलाइन कोर्स: शिकवणं बरं, कॅलेंडर भंगार

वर्षाचं सबस्क्रिप्शन न विचारता रिन्यू झालं, खात्यातून पैसे गेले, म्हणून हे लिहायला बसलो. रिफंड मागितला तर उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' असू दे. यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे आधी बंद करा, मग कोर्सला हात लावा.

डब्ल्यूबीएस (कामाचे लहान तुकडे पाडणं), गँट चार्ट (कुठलं काम कधी ते पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता), रिस्क रजिस्टर (संभाव्य अडचणींची यादी), नेहमीचं सगळं आहे. उदाहरणं मात्र झाडून मोबाइल ॲपची. मी जळगावला डाळ मिलमध्ये. आमचा प्रोजेक्ट म्हणजे नवी कलर सॉर्टर (रंगावरून खराब दाणे वेगळे काढणारं मशीन) लाइन: फाउंडेशन, क्युरिंग, मशीन उभारणी, विजेचं पॅनल, ट्रायल.

खरी चीड कॅलेंडरची. तयार टेम्प्लेटमध्ये शनिवार-रविवार सुट्टी, बाकी दिवस आठ तास काम. आमच्याकडे रविवारी काम चालतं, पण पारा ४५ ला टेकला की भरदुपारी पत्र्यावर कोण चढणार? आणि आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातला अक्षय्य तृतीयेचा सण? अमळनेरकडचा मुकादम थंडीतच सांगून मोकळा झाला होता, "आखाजीले कोन्ही येवाव नही, भाऊ." चार्टवर नेमकी त्याच आठवड्यात मशीन उभारणी! कामाचे दिवस बदलायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, पण कोर्सवाले ती एका वाक्यात उरकतात. रंग कसे बदलायचे यावर मात्र अख्खा व्हिडिओ. बाकी चार्ट कितीही देखणा असो, सुट्ट्या चुकल्या की पुढच्या सगळ्या तारखा खोट्या.

तेव्हा दोन स्टार देऊन टाकले होते. नंतर क्रिटिकल पाथचा (ज्या कामांच्या साखळीवर शेवटची तारीख ठरते, तिचा) धडा कागद-पेन्सिल घेऊन सोडवला आणि मत बदललं. १९५० च्या दशकाच्या शेवटी ड्यूपाँटच्या कारखान्यांसाठी निघालेली ही पद्धत डाळ मिललाही लागू पडते. सुरुवातीकडून तारखा मोजत जायचं, मग शेवटाकडून उलट यायचं. दोन्हींत जो फरक उरतो तो फ्लोट, म्हणजे शेवटची तारीख न हलता ते काम जितके दिवस रखडू शकतं तेवढे दिवस. आमच्या शेडच्या रंगकामाला भरपूर फ्लोट निघाला, पॅनलला शून्य. शेठ रोज ओरडत होते रंगवाल्यावर, कारण तो समोर दिसतो. पॅनलवाला नाशिकला, त्याला फोनही नव्हता गेला. कागद दाखवल्यावर शेठ दोन मिनिटं गप्प बसले आणि फोन लावला.

अंदाजाचं सूत्रही कामाचं. पॅनल लवकरात लवकर १० दिवसांत, एरवी १५, फारच रखडलं तर ३२. मधल्या आकड्याला चारने गुणायचं, तिन्हींची बेरीज करून सहाने भागायचं: १७. 'पंधरवड्यात देतो' यावर आता कोणी विसंबत नाही.

सर्टिफिकेटला भुलू नका. ते कोर्स पूर्ण केल्याचं, पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या सीएपीएम या सुरुवातीच्या पातळीच्या परीक्षेचं नव्हे. त्या परीक्षेला लागणारे २३ तासांचे शिक्षण अशा कोर्समधून भरता येतं, पण परीक्षा वेगळी, फी वेगळी.

आता साडेतीन स्टार. मराठी सबटायटल नाहीत, त्याचा अर्धा कापला. घ्यायचाच तर एका महिन्याचा घ्या. हे दोन धडे तेवढ्यात होतात.