व्हेरिओ चपळ ठेवायचा की शांत?

व्हेरिओमीटर (व्हेरिओ) म्हणजे ग्लायडर, अर्थात इंजिनाविना उडणारं विमान, किती वेगाने चढतोय की उतरतोय हे काट्याने आणि आवाजाने सांगणारं यंत्र. त्याच्या मेनूत सगळ्यात जास्त घोळ डॅम्पिंगवर, म्हणजे काटा आणि आवाज किती सावकाश बदलावा या सेटिंगवर, होतो: १ सेकंद ठेवू की ३? हा निर्णय घेण्याआधी एक तपासणी मात्र कराच. शांत हवेत वेग ताशी १५० किलोमीटरवर न्या आणि स्टिक हळुवार ओढून १०० वर आणा. या वेगाच्या बदल्यात ग्लायडरला जवळपास ४९ मीटर उंची मिळते. घर्षणात थोडी जाते, ती वेगळी. टोटल एनर्जी भरपाई (वेगाच्या बदल्यात मिळालेली उंची हिशेबातून वगळणारी सोय) नीट असेल तर काटा या उंचीला भुलत नाही. तो जोरात वर उडाला तर आधी प्रोब (बाहेरच्या हवेचा दाब टिपणारी कांडी) आणि नळ्यांची गळती बघा. तो दोष कुठल्याही डॅम्पिंगने झाकला जात नाही.

आता मूळ प्रश्न. ताशी १०० किलोमीटरने, ४० अंश कलून थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेच्या स्तंभात) घिरट्या घालताना एक फेरी सुमारे २१ सेकंदांत होते. ३ सेकंदांत ग्लायडर ८० मीटरहून जास्त पुढे जातो, वळणाचे ५० अंश उरकतात. म्हणजे डॅम्पिंग ३ वर असेल तर आवाज चढतो तेव्हा जोरदार चढाची जागा मागे पडलेली असते. आवाज ऐकून त्याच क्षणी कल कमी केलात, तर भलत्याच दिशेला सरकाल. अरुंद थर्मलमध्ये एवढी चूक पुरते, थर्मल हातचं जातं.

१ सेकंदावर हा उशीर घटतो, पण खडबडीत हवेत आवाज नुसता किंचाळत राहतो. समोरून आलेली आडवी झुळूकसुद्धा क्षणभर चढ म्हणून वाजते. नवशिक्या वैमानिकाने २ पासून सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं. मला स्वतःला दीड मानवतो, कारण पहिली टोचणी बुडाला जाणवते आणि व्हेरिओ तिला लगेच दुजोरा देतो. डोंगरउतारावरच्या खवळलेल्या हवेत मात्र मीही ३ वर जातो.

थर्मल सोडायचं की नाही, हे काट्यावर ठरवू नका. त्यासाठी सरासरीचा आकडा आहे, आणि तो २० ते ३० सेकंदांचाच हवा. १० सेकंदांची सरासरी जेमतेम अर्धी फेरी मोजते. चांगल्या बाजूला खूश करते, वाईट बाजूला घाबरवते.

काट्यावर नेटो (भोवतालच्या हवेचा चढ-उतार) हवा की टोटल एनर्जी (ग्लायडरचा स्वतःचा), हा वाद सोपा आहे. घिरट्यांत टोटल एनर्जी, सरळ उड्डाणात नेटो. वेगात जाताना ग्लायडर स्वतःच सेकंदाला २ मीटर खाली येत असेल आणि काटा उणे १ दाखवत असेल, तर भोवतालची हवा १ मीटरने वर चालली आहे. नेटो तेच थेट सांगतो. घिरट्यांत हाच नेटो खऱ्या चढापेक्षा जास्त दाखवून फसवतो. त्याचा सगळा हिशेब पोलरवर (कोणत्या वेगाला ग्लायडर किती खाली येतो, या आलेखावर) चालतो, म्हणून बॅलास्टचं, म्हणजे वजन वाढवायला भरलेलं, पाणी सोडलंत की वजनाचा आकडाही बदला. नाहीतर तो भरलेल्या ग्लायडरचाच हिशेब करत राहतो.