साठीकडे झुकलेल्या बोटांसाठी ३० इंची बेस : फेंडर प्लेयर मस्टँग पीजे

रॉक बँडमधल्या गायकाचे वय त्याच्या आवाजात ऐकू येते. बेस, म्हणजे खर्जातली चार तारांची गिटार, वाजवणाऱ्याचे वय प्रेक्षकांना फारसे कळत नाही. ते त्याच्या डाव्या खांद्याला आणि अंगठ्याच्या मुळाला कळते. चार ते साडेचार किलोचे वाद्य दोन-अडीच तास एकाच खांद्यावर पेलायचे आणि डावा हात जवळजवळ सरळ करून पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, चार बोटे फाकवायची, हे पंचविशीत कष्टाचे वाटत नाही. पन्नाशी उलटल्यावर मात्र दुसऱ्या सेटच्या मध्यावर करंगळी उशिरा पडू लागते, आणि ड्रमर एकदा वळून पाहतो तेव्हा काय ते समजते. फेंडरचा प्लेयर मस्टँग बेस पीजे मी पुण्यातल्या एका कव्हर बँडमध्ये, म्हणजे इतरांची गाजलेली गाणी वाजवणाऱ्या बँडमध्ये, आठवड्याअखेरच्या कार्यक्रमांत नियमित वाजवतो. तो नवशिक्याला कसा वाटेल, याची चर्चा इतरत्र भरपूर झालेली आहे. इथे प्रश्न एवढाच आहे की ज्याची निम्मी हयात बँडमध्ये गेली आणि ज्याला अजून काही वर्षे वाजवायचे आहे, त्याने तो घ्यावा का. माझे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला दोन-तीन अटी आहेत.

मस्टँगचे सारे गुणदोष त्याच्या लांबीतून येतात. नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (तारा जिथे वाद्याच्या अंगावर टेकतात तो भाग) यांमध्ये तारेचा जो भाग कंप पावतो, तो नेहमीच्या बेसवर ३४ इंच असतो आणि मस्टँगवर ३० इंच. चार इंचांचा हा फरक सांगताना किरकोळ वाटतो, म्हणून तो हाताच्या मापात पाहावा. ३४ इंची बेसवर नटपासून पहिल्या फ्रेटचे अंतर साधारण ४८.५ मिलिमीटर भरते, मस्टँगवर ४३ मिलिमीटरच्या किंचित आत. पहिल्या फ्रेटवर तर्जनी आणि चौथ्यावर करंगळी ठेवली, तर मोठ्या बेसवर दोन्ही बोटांमध्ये जवळपास १३० मिलिमीटरचा ताण पडतो आणि इथे सुमारे ११४ मिलिमीटरचा. हे दीड सेंटिमीटर ज्याच्या अंगठ्याच्या सांध्यात झीज सुरू झाली आहे, त्याला पहिल्याच गाण्यात जाणवते. मोठ्या बेसवर खालच्या फ्रेटांवर आमच्या वयाचे बरेच जण नकळत डबल बेस, म्हणजे उभे धरायचे मोठे व्हायोलिनसारखे वाद्य, वाजवणाऱ्यांची पद्धत धरतात, म्हणजे तर्जनी, मधले बोट आणि करंगळी एवढ्यांवरच भागवून हात सतत पुढे-मागे सरकवतात. मस्टँगवर एका फ्रेटला एक बोट ही तरुणपणची पद्धत पुन्हा शक्य होते, आणि हात सरकवताना होणाऱ्या बारीकसारीक चुका आपोआप कमी होतात.

लांबीचा दुसरा परिणाम तारांच्या ताणावर होतो. तार त्याच जाडीची आणि सूर तोच असेल, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्या हिशेबाने ३० इंची बेसवर तो सुमारे २२ टक्क्यांनी कमी भरतो. तार दाबायला तेवढा जोर कमी लागतो, ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी की सैल तार जोराने छेडली तर फ्रेटवर खडखडते, आणि डाव्या हाताने वाजवीपेक्षा जास्त दाबली तर सूर किंचित वर चढतो. ज्यांना उजव्या हाताने तार उपटायची सवय आहे, त्यांना सुरुवातीला हे वाद्य बेशिस्त वाटेल. उपाय वाद्यात नसून हातात आहे: छेड हलकी ठेवावी आणि उरलेला जोर अ‍ॅम्प्लिफायरला करू द्यावा. तार फ्रेटपासून नेहमीपेक्षा एखाद्या केसाइतकी अधिक उंच ठेवून घेतली तर आणखी बरे. असे सेटअप, म्हणजे तारांची उंची वगैरेची जुळणी, चांगल्या कारागिराकडून करून घेणे कोणत्याही नव्या बेसला आवश्यकच असते. इथे ते अजिबात टाळू नये.

मस्टँगकडे ‘पोरांचा बेस’ म्हणून पाहण्याची जुनी सवय आहे आणि ती अगदीच निराधार नाही. १९६६ साली तो बाजारात आला तेव्हा फेंडरची मस्टँग गिटार विद्यार्थ्यांच्या वाद्यांमध्येच गणली जात होती, आणि लिओ फेंडर यांनी कंपनी विकल्यानंतरच्या त्या काळात त्यांच्या हातून तिथे घडलेला हा शेवटचा बेस ठरला. पण छोट्या बेसवर ज्यांनी आयुष्य काढले, त्यांची नावे पाहिली की हा शिक्का टिकत नाही. रोलिंग स्टोन्समध्ये १९९३ पर्यंत बेस वाजवणारे बिल वायमन हे लहान हातांचे, आणि मस्टँगसह छोट्या मापाचेच बेस त्यांनी पसंत केले. क्रीम या बँडचे जॅक ब्रूस यांचा गिब्सन ईबी-३ साडेतीस इंची होता. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर ३० इंची, आतून पोकळ आणि अतिशय हलका. १९७२ साली चोरीला गेलेला तो बेस परत मिळाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. ऐंशी ओलांडल्यावरही ते मोठ्या मैदानांवर हॉफनरच खांद्याला लावून उभे राहतात, ही निव्वळ आठवणींपोटी केलेली निवड असेल असे मला वाटत नाही. मुंबईत १९८६ साली सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ या रॉक महोत्सवाच्या काळात, रंगभवनाच्या उघड्या रंगमंचाकडे पाहत जी पिढी बेसकडे वळली, तिच्या मनात मात्र लांब मानेचा, गुडघ्याच्या दिशेने खाली लटकणारा बेसच ठसलेला आहे. त्या प्रतिमेपायी मनगट किती वर्षे वाकवायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

वजनाबाबत अवाजवी अपेक्षा ठेवू नये. मस्टँग भरीव लाकडाचा आहे. तो साडेतीन किलोच्या आसपास भरतो आणि लाकूड बदलले की थोडे कमी-जास्त होते. म्हणजे हॉफनरसारखा तो पिसागत हलका नाही. खांद्याला आराम मिळतो तो वजनापेक्षा ठेवणीमुळे, कारण नट शरीराच्या जवळ येते, डावे कोपर वाकलेले राहते आणि खांदा पुढे ओढला जात नाही. वाद्याची मान खाली झुकण्याचा जो त्रास अनेक छोट्या बेसना असतो, तो रुंद आणि आतून खरखरीत चामड्याचा स्ट्रॅप लावला तर इथे जाणवण्याइतका राहत नाही. गिग बॅग मात्र छोट्या मापाचीच पाहून घ्यावी. मोठ्या बॅगेत हे वाद्य पुढे-मागे सरकते आणि सिंहगड एक्सप्रेसच्या गर्दीत हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाला, नको तिथे धक्के बसतात.

आवाजाबद्दल सविस्तर बोलायला हवे, कारण आक्षेप घेणारे इथेच बोट ठेवतात. या बेसला मध्यभागी फेंडरच्याच प्रिसिजन बेसच्या पद्धतीचा दोन तुकड्यांचा पिकअप (तारेचा कंप टिपणारे चुंबकी यंत्र) आहे आणि ब्रिजपाशी जॅझ बेसच्या पद्धतीचा; नावातले ‘पीजे’ ते हेच; तीन टप्प्यांच्या स्विचने दोन्हींपैकी एक किंवा दोन्ही एकत्र घेता येतात, आणि त्याखाली व्हॉल्यूम व टोन अशी दोनच बटणे. ब्रिजचा पिकअप एकटा वापरला तर आवाज पातळ होतो आणि जोरकस ड्रमरपुढे तो हरवतो. मधला पिकअप एकटा, टोन निम्म्यावर, हीच या बेसची खरी जागा. सत्तरच्या दशकातली गाणी वाजवणाऱ्या बँडला लागणारा गोल, ठाशीव, किंचित बुटका आवाज तिथे विनासायास मिळतो. सर्वांत खालच्या ‘ई’ तारेचा मूळ सूर ४१.२ हर्ट्झचा. मोठ्या बेसवर ही तार ताठ असते आणि प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. मस्टँगवर ती थोडी घरंगळते, आणि पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पट्टीने, जलद आणि सलग आठव्या मात्रा वाजवल्या तर स्वरांच्या कडा एकमेकींत मिसळतात. संथ आणि मध्यम लयीत हीच गोष्ट गुण ठरते.

तारांची निवड या दोषाचा अर्धा भाग भरून काढते. मी डॅडारिओच्या क्रोम्स, म्हणजे गुळगुळीत वेटोळ्यांच्या, छोट्या मापाच्या ४५ ते १०० जाडीच्या तारा लावतो. त्या साध्या तारांपेक्षा ताठ लागतात, बोटांना घासत नाहीत आणि सरकताना किरकिरत नाहीत. दुकानात छोट्या मापाचा संच सहजी मिळत नाही, तेव्हा ‘लांब तार कापून लावा’ असा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये. लांब तारेचा पूर्ण जाडीचा भाग खुंटीवर वळवला गेला तर ‘ई’ तार नीट बसत नाही, कधी तिचे वेटोळे सुटते, आणि मग तिचा आवाज मेल्यासारखा येतो. संच आधीच मागवून एक जादा जवळ ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग.

गुळगुळीत तारांबाबत वयस्कर वादकाने एक सावधगिरी बाळगावी. वयानुसार कान आधी वरच्या पट्टीतले आवाज गमावतो, आणि ज्याने वर्षानुवर्षे झांजांशेजारी उभे राहून वाजवले, त्याचे तर ते ठळकपणे कमी झालेले असतात. असा माणूस या तारांचा मंद आवाज ऐकतो, त्याला तो धूसर वाटतो आणि तो ट्रेबल वाढवत नेतो. समोर बसलेल्यांना मात्र बोटांचा टकटकाट ऐकू येतो. साउंडचेकच्या वेळी बटण कुठे ठेवायचे हे बँडमधल्या सर्वांत तरुण सदस्याला ठरवू द्यावे आणि नंतर त्याला हात लावू नये. आमच्याकडे हे काम कीबोर्ड वाजवणारी मुलगी करते, आणि तिचे ऐकल्यापासून मागच्या टेबलांवरच्या तक्रारी थांबल्या आहेत.

हा बेस कोणी घेऊ नये, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्यांचा बँड तारा दोन-तीन सुरांनी उतरवून मेटल वाजवतो, त्यांच्या हाती ‘ई’ तारेच्या जागी रबर येईल. १९ फ्रेट असल्यामुळे वरच्या पट्टीत एकल वादन करणाऱ्यांना जागा अपुरी पडते. ज्यांची बोटे जाड आहेत, त्यांना ३८ मिलिमीटरच्या नटवर तारा दाटीवाटीने बसल्यासारख्या वाटतील. अशांनी प्रत्यक्ष वाजवून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. छोटे माप आपल्याला मानवते का एवढेच आजमावायचे असेल, तर स्क्वायर या फेंडरच्याच स्वस्त ब्रँडचा ब्रॉन्को बेस बराच स्वस्त पडतो, त्याचे मापही ३० इंचच आहे, आणि एका पिकअपवर सरावाचे काम भागते. जुना ३४ इंची बेस विकून मस्टँग घेण्याचा विचार असेल, तर घाई करू नये. स्टुडिओत बसून, मांडीवर ठेवून, विश्रांती घेत वाजवताना मोठ्या बेसची ‘ई’ तार अजूनही सरस ठरते आणि तिथे खांद्याचा प्रश्नही येत नाही. मी रेकॉर्डिंगसाठी तोच नेतो आणि रंगमंचावर मस्टँग.