हाताने रंगवलेली गाण्याची वही: पाडव्यापासून दिवाळीपर्यंतच्या वापरानंतर

गुढीपाडव्याच्या सुमारास गाण्याच्या वहीचं कव्हर रंगवलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘बंदिशी’ लिहिलं. आता दिवाळीही होऊन गेली. मधला उन्हाळा, अख्खा पावसाळा आणि क्लासच्या खेपा या वहीने काढल्यात, त्यामुळे ठामपणे सांगते: रंग टिकतो, अक्षरं टिकतात, दगा देतं ते वरचं वॉर्निश आणि पाठीलगतची, कव्हर जिथे दुमडतं ती खाच.

वही साधीच, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेली. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, दोनशे पानी. चकचकीत लॅमिनेशनची मुद्दाम टाळली, कारण त्या गुळगुळीत थरावर रंग नीट धरत नाही. तसलीच वही घरात असेल तर आधी बारीक पॉलिश पेपरने चमक घालवावी लागते. मग जेसोचे, म्हणजे रंग धरावा म्हणून खाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन पातळ हात, एक आडवा, एक उभा. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला ओल लागली की तो वाकतो, म्हणून आतल्या बाजूलाही एक हात फिरवला आणि पूर्ण वाळल्यावर रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवला.

रंग अ‍ॅक्रिलिकच घ्या. पोस्टर कलर दिसतात मखमली, पण ते गोंदात कालवलेले असतात. वाळल्यावरही पाणी लागलं की सुटतात. अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी उडून गेलं की मागे लवचिक पापुद्रा उरतो आणि तो पाण्यात पुन्हा विरघळत नाही. याचा पुरावा जुलैत मिळाला. लक्ष्मी रोडवर धो-धो पावसात वही पिशवीसकट भिजली. पानांच्या कडा फुगल्या, शाईच्या पेनाने लिहिलेली यमनची बंदिश पसरून वाचता येईना, कव्हरवरचा रंग मात्र जागचा हलला नव्हता. फेविक्रिलच्या १५ मिलीच्या बाटल्या अशा कव्हरला पुरून उरतात.

आता अक्षरांकडे येते, कारण खरा आनंद तिथे आहे. लेटरिंगचे बरेच व्हिडिओ रोमन अक्षरांसाठी असतात आणि त्यांची आखणी देवनागरीला पुरत नाही. आपल्याला शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार यांना जागा हवी आणि खाली उकाराला. मी शिरोरेषा ते तळ एवढ्या उंचीच्या साधारण निम्मी जागा वर मोकळी सोडली, आणि ‘बंदिशी’ला ती सगळी लागली. या शब्दात गंमत अशी, की ‘दि’ची वेलांटी डावीकडून उजवीकडे झुकते आणि ‘शी’ची उजवीकडून डावीकडे, दोघी शब्दाच्या डोक्यावर समोरासमोर येतात. त्या सारख्याच उंचीच्या केल्या तर एकमेकींवर आदळतात. ‘शी’ची वेलांटी उंच ओढली, ‘दि’ची तिच्याखाली आखूड ठेवली, ‘बं’चा अनुस्वार थोडा डावीकडे सरकवला, तेव्हा कुठे शब्द श्वास घेऊ लागला. हे शिकायचं असेल तर कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची शीर्षकं शोधून बघा. वेलांटी कुठे ताणायची, कुठे आवरायची, हे त्यांच्या अक्षरांतून जितकं कळतं तितकं कुठल्या क्लासात कळेलसं मला वाटत नाही.

कट निब, म्हणजे तिरक्या कापलेल्या टोकाची निब, वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: देवनागरीसाठी बोरूचं टोक रोमनच्या उलट बाजूला तिरकं कापतात. रोमनचीच निब त्याच कोनात धरली तर जाड-बारीक भलतीकडे पडतं. मी अक्षर पेन्सिलने रेखून ब्रशने भरलं. गडद निळ्यावर हळदी पिवळा थेट लावला तर झाकत नाही, हिरवट दिसतो. खाली पांढऱ्याचा हात द्यावाच लागतो. जेल पेनची नक्षी करणार असाल तर आधी सुट्या पुठ्ठ्यावर वॉर्निश फिरवून पाहा, बऱ्याचदा ती ब्रशाखाली पसरते.

वॉर्निशची तक्रार मनापासून आहे. बाटलीवर ‘चिकटपणा राहत नाही’ असं छापलेलं ग्लॉस वॉर्निश, तेही सांगितल्यापेक्षा जास्त वाळवलेलं. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत वहीला प्लास्टिकचं फोल्डर घट्ट चिकटलं आणि सोडवताना नखाएवढा पापुद्रा निघून आला. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने मऊ पडतं, हे खरं. पण मग पुण्याच्या उन्हाळ्यात ती बाटली विकताना तसं लिहायला हवं. नंतर हलका पॉलिश पेपर मारून मॅट वॉर्निश दिलं, ते बरंच चांगलं निघालं. तरी गरम चहाचा कप वर ठेवू देत नाही, आणि प्लास्टिकचं कव्हर तर अजिबात घालत नाही.

खाचेतला रंग मात्र रोजच्या उघडझापीने तडकलाच. आतला पांढरा जेसो दिसतो. कापडी पट्टी आणि तिच्यालगतची बोटभर जागा कोरीच ठेवावी. कोपरेही झिजून करडा पुठ्ठा दिसतोय, पण ते कुठल्याही वहीचं होतं.

शाळेच्या वह्यांसाठी एवढा खटाटोप नको, त्यांना खाकी कव्हर पुरे. गाणं, पाककृती, बागेच्या नोंदी, अशी वर्षानुवर्षं उघडायची वही असेल तर जरूर करा. माझी पानं आता संपत आलीत. बाइंडरला दाखवली, तर तो म्हणाला, पुठ्ठे हेच ठेवून आत नवे फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, शिवून देतो, पाठीचं कापड तेवढं बदलावं लागेल. म्हणजे तडकलेल्या खाचेचंही काम त्यातच होईल.