दृष्टिविज्ञानाची उपकरणे: स्वतःच्या प्रयोगशाळेत की विद्यापीठाच्या सामायिक केंद्रात?

मुंबईतील एखाद्या विद्यापीठात दृष्टिपटलावर (डोळ्याच्या आतील प्रकाश टिपणाऱ्या पडद्यावर) काम करणाऱ्या चार-पाच प्राध्यापकांनी आपापल्या अनुदानातून स्वतंत्र उपकरणे घ्यावीत की सर्वांसाठी एकच सामायिक केंद्र उभारावे, हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही.

स्वतःच्या उपकरणाचा खरा लाभ म्हणजे वेळेवरचा ताबा. मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशींचा विद्युत प्रतिसाद मोजण्यापूर्वी उंदीर सहसा रात्रभर संपूर्ण अंधारात ठेवावा लागतो, आणि ऐन वेळी दुसऱ्या गटाने दार उघडले तर ती तयारी वाया जाते.

तरीही सामायिक केंद्राची बाजू मला अधिक भक्कम वाटते, आणि त्याचे कारण यंत्रापेक्षा ते चालवणारा माणूस आहे. १९९१ मध्ये प्रथम मांडले गेलेले ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफीचे तंत्र जिवंत डोळ्यातील दृष्टिपटलाचे थर काही मायक्रोमीटरपर्यंतच्या बारकाव्याने दाखवते, त्यामुळे एकाच प्राण्याची अनेक आठवडे पुन्हापुन्हा तपासणी करता येते; मात्र प्रत्येक वेळी नेमकी तीच जागा टिपण्यासाठी मुरलेला, कायमस्वरूपी तंत्रज्ञ लागतो. पदवी मिळताच निघून जाणाऱ्या विद्यार्थ्याकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. शिवाय पावसाळ्यातील दमट हवेत भिंगांवर बुरशी चढते, आणि अहोरात्र आर्द्रता-नियंत्रण एका दालनात राखणे पाच दालनांपेक्षा सोपे असते.

केंद्र मात्र त्याच आवारात हवे. मृत्यूनंतर दृष्टिपटल झपाट्याने खराब होते. ताजा नमुना घेऊन कलिन्याहून पवईपर्यंत वाहतुकीत अडकणे परवडणारे नाही.