धावत्या डब्यातील टपाल-वर्गवारी : एका सेवेचे परीक्षण

रेल्वेगाडीत टपालाची वर्गवारी करणाऱ्या सेवेची थोरवी मला गाडीच्या वेगापेक्षा प्रवासातला वेळ कामी लावण्यात दिसते. जानेवारी 1838 मध्ये इंग्लंडच्या ग्रँड जंक्शन रेल्वेवर घोडे नेण्याच्या एका डब्यात फेरबदल करून हा प्रयोग झाला. पत्रे मुक्कामी पोहोचल्यावर निवडत बसण्याऐवजी ती वाटेतच गावोगावच्या खणांत पडू लागली आणि स्थानक येईपर्यंत त्या गावाची थैली बांधून तयार होऊ लागली. भारतात 1863 मध्ये अलाहाबाद-कानपूर मार्गावर ही पद्धत सुरू झाली आणि 1907 मध्ये तिच्यातून रेल्वे मेल सर्व्हिस, म्हणजे आपली आरएमएस, उभी राहिली.

ग्राहकाच्या दृष्टीने पाहता मला सर्वांत मोलाची वाटते ती डब्याच्या अंगालाच असलेली पत्रपेटी, कारण टपाल कचेरीची वेळ टळून गेलेल्या माणसालाही जादा शुल्काचे तिकीट लावून गाडी सुटेपर्यंत पत्र टाकता येई. लहान गावांचीही आबाळ होत नसे. जिथे गाडी थांबत नसे, तिथे रुळांलगतच्या खांबाला टांगलेली थैली धावत्या डब्याला लावलेल्या जाळ्यात झेलली जाई. ब्रिटनमध्ये ही व्यवस्था 1971 पर्यंत चालली.

अचूकतेचे सारे श्रेय सॉर्टरांचे आहे. अमेरिकेत त्यांना हजारो टपाल कचेऱ्या आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या गाड्यांचे जोड तोंडपाठ करावे लागत व परीक्षेत किमान 97 टक्के पत्रे योग्य खणात टाकावी लागत. हे काम हेलकावणाऱ्या डब्यात, बहुधा रात्री आणि उभ्याने चाले, हे लक्षात घेतले की त्या आकड्याचे वजन कळते.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र मी या सेवेला कमी गुण देईन. अमेरिकेत टपालाचा डबा बहुतेक वेळा इंजिनाच्या लगेच मागे जोडला जाई आणि लाकडी बांधणीच्या काळात अपघाताचा पहिला तडाखा त्यातल्या माणसांना बसे. पत्रे वेळेवर मिळत असल्याचे समाधान मानताना ही किंमत विसरणे मला योग्य वाटत नाही.

पुढे प्रवासी गाड्या घटल्या, टपाल विमानांकडे व मोटारींकडे गेले आणि वर्गवारीच्या यंत्रांना पक्क्या इमारती लागल्या. अमेरिकेत 30 जून 1977 रोजी न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मार्गावर आणि ब्रिटनमध्ये जानेवारी 2004 मध्ये ही सेवा थांबली. यंत्रे कितीतरी अधिक पत्रे वेगळी करतात हे मान्य आहे, परंतु पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत ते काम सुरूच होत नाही.