न्येरेरे की केन्याटा : काजूच्या चिठ्ठीने लावलेला निकाल

आफ्रिकेच्या अर्थव्यवस्थांना भांडवलशाही मानवते की समाजवाद, या वादात ज्यांना स्वतःची बाजू ठरवायची आहे, त्यांनी सगळ्या खंडाचा विचार एकदम करू नये. टांझानिया आणि केनिया या दोन शेजाऱ्यांकडे नीट पाहावे, असे मला सुचवावेसे वाटते. दोन्ही देश दोन वर्षांच्या अंतराने ब्रिटिश अमलातून मोकळे झाले. दोन्हीकडे किनाऱ्यावर स्वाहिली, आत लहान जमिनीचा शेतकरी आणि बाजारपेठेत बहुधा गुजराती दुकानदार. पुढे टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांनी समाजवादाचे धोरण मांडणाऱ्या १९६७ च्या आरुशा जाहीरनाम्यानंतर बँका, मोठे उद्योग आणि घाऊक व्यापार सरकारच्या ताब्यात घेतला. केनियात जोमो केन्याटा यांच्या सरकारने १९६५ च्या धोरणपत्राला नाव ‘आफ्रिकी समाजवादा’चेच दिले, पण वाट धरली ती खासगी मालकीची, परदेशी भांडवलाची आणि नगदी पिकांची. दोन्ही विचारसरणींच्या व्याख्या वाचकाला ठाऊक आहेत असे धरून मी त्यांत शिरत नाही.

माझा या प्रश्नाशी संबंध काजूमुळे आला. मी वेंगुर्ला तालुक्यातला; नाथ पै आणि मधु दंडवते या समाजवादी नेत्यांना लोकसभेत पाठवणाऱ्या राजापूर मतदारसंघात वाढलो, त्यामुळे न्येरेरे हे नाव आमच्या घरात आदरानेच घेतले जाई. कोकणातल्या काजू कारखान्यांना इथली बी वर्षभर पुरत नाही, म्हणून आफ्रिकेतून बी मागवावी लागते. त्या खरेदीसाठी मी सहा हंगाम टांझानियाच्या दक्षिणेला, म्टवारा आणि नेवाला भागात काढले, आणि नंतर चार वर्षे केनियातल्या मोंबासा बंदरात चहाच्या व्यवहारात होतो. उजामाचा, म्हणजे न्येरेरे यांच्या ग्रामसमाजवादाचा, मूळ काळ मी डोळ्यांनी पाहिलेला नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मी पाहिले ते त्याचे मागे उरलेले रूप, आणि ज्यांनी तो काळ भोगला अशी माणसे.

न्येरेरे यांच्या बाजूचे पारडे जड करणारी गोष्ट मला पहिल्याच हंगामात दिसली. नेवाल्याजवळच्या एका गावी सोसायटीच्या कार्यालयात एक म्झे, म्हणजे वयाने वडीलधारे गृहस्थ, आमच्या कराराचा स्वाहिली मसुदा बोट फिरवत ओळीन्‌ओळ वाचत बसले होते. तिसऱ्या पानावर ओलाव्याची टक्केवारी आणि घट यांचा मेळ बसत नाही, हे त्यांनीच दाखवून दिले. ते शाळेत कधी गेले नव्हते. सत्तरच्या दशकातल्या प्रौढ साक्षरता वर्गात, शेतातले काम आटोपल्यावर, अक्षरे शिकले होते. शंभरावर जमातींच्या देशात स्वाहिली ही एकच भाषा प्राथमिक शाळेत, कचेरीत आणि बाजारात चालते, आणि सहा वर्षांत मला कोणी कोणाला ‘तुझी जमात कोणती’ असे व्यवहाराच्या आधी विचारताना ऐकू आले नाही. हे काम कोणत्याही बाजारपेठेने केले नसते, असे मला आजही वाटते.

केनियात नेमके हेच उणे होते. २०१७ च्या ऑगस्टमधील निवडणुकीआधी आमच्या गोदामातल्या कारकुनाने बायकोमुलांना गावी पाठवून दिले, कारण तो ज्या वस्तीत राहत होता तिथे त्याच्या जमातीचे लोक थोडे होते. चहाच्या ट्रकांचे दोन चालक रिफ्ट व्हॅलीच्या बाजूला जायला तयार होईनात. २००७-०८ मध्ये निवडणुकीनंतरच्या दंगलींत हजारावर माणसे मारली गेली होती आणि लाखो घरे सोडून पळाली होती, तेव्हा त्यांची भीती खोटी नव्हती. त्या वैराच्या मुळाशी जमीन आहे. गोऱ्यांनी सोडलेली शेती स्वातंत्र्यानंतर कोणाला मिळाली, सत्तेजवळच्यांनी किती घेतली, हा हिशेब तिथे कधी मिटलाच नाही. टांझानियात २०२५ च्या ऑक्टोबरमधील निवडणुकीनंतर जो रक्तपात झाला त्याने मला फार यातना झाल्या, पण ते भांडण जमातींचे नव्हते, एवढा फरक मला करावासा वाटतो.

इतके असूनही माझा कौल दुसरीकडे गेला, आणि तो एका चिठ्ठीमुळे गेला.

म्टवारा भागात शेतकरी बी गोणीत भरून प्राथमिक सोसायटीच्या काट्यावर आणतो. तिथे वजन होते, प्रत ठरते आणि त्याच्या हातात एक चिठ्ठी पडते. माल गोदामात जातो, गोदामाची पावती बनते, मग लिलाव, मग कर्ज, वाहतूक, गोणपाट आणि निरनिराळ्या वर्गण्यांची कपात, आणि त्यानंतर कधीतरी चुकारे. माझ्या वेळी पहिला हप्ता, दुसरा हप्ता, आणि दैव बरे असेल तर तिसरा, अशी रीत होती. दुसऱ्या कोणाला माल विकायला कायद्याने बंदी. व्यवस्था वाईट हेतूने उभारलेली नाही; एकट्या शेतकऱ्याला व्यापारी नाडतो, म्हणून सर्वांचा माल एकत्र विकावा, हा विचार मला घरातूनच परिचित होता. परंतु पैसे कोणत्या तारखेला मिळतील हे त्या काट्यावरच्या कोणालाही सांगता येत नसे, आणि सहा वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न तोच होता. खरेदीदार असल्यामुळे मला ठाऊक असेल असे लोकांना वाटे.

या थांबण्यातूनच कांगोम्बा जन्माला येतो. हंगामाआधी, घरात धान्य संपत आलेले असताना, एखादा माणूस वाडीवर येतो, वाडग्याने बी मोजतो किंवा झाडावरचे पीकच ठरवून घेतो आणि रोख पैसे देतो, भाव मात्र निम्मा. सरकार कांगोम्बा करणाऱ्यांना पकडते. मी त्यांची बाजू घेत नाही, कारण ते गरजेचा फायदा घेतात. पण गरज चिठ्ठीने निर्माण केलेली असते, हे तिथे राहिल्याशिवाय माझ्या ध्यानात आले नसते.

जुनी माणसे सांगतात ते याहून कठीण आहे. १९७३ ते १९७६ या काळात विखुरलेली वस्ती हलवून लोकांना आखलेल्या गावांत आणले गेले. शाळा आणि दवाखाना जवळ आला, झाडे मात्र मैलोन्‌मैल मागे राहिली. त्याच म्झेंनी मला रस्त्यावरून हात करून दाखवले होते की त्यांच्या वडिलांची काजूची बाग त्या टेकाडापलीकडे होती. तिथे जाऊन यायला दिवस मोडे, म्हणून खालची झुडपे कोणी साफ केली नाहीत, आणि वणवा लागला तेव्हा विझवायला कोणी नव्हते. १९७६ मध्ये शेतकऱ्यांचे जुने सहकारी संघही बरखास्त करून खरेदी सरकारी मंडळांकडे दिली गेली. १९७३-७४ मध्ये टांझानियाचे काजू उत्पादन सुमारे १ लाख ४५ हजार टन होते. १९८६-८७ पर्यंत ते २० हजारांच्याही खाली आले. बुरशीचा रोग हे एक कारण होतेच, पण मालकाचे लक्ष उडालेल्या बागेत रोग फोफावतो, हे कोकणातल्या बागायतदाराला सांगायला नको.

आणि ही सवय पुढेही सुटलेली दिसली नाही. २०१८ मध्ये व्यापाऱ्यांनी भाव पाडला म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली यांनी किलोला ३,३०० शिलिंग भाव जाहीर करून सारे पीक सैन्याकरवी उचलायला लावले. भाव चांगला होता. पैसे मात्र अनेकांना कित्येक महिने मिळाले नाहीत. तेव्हा मी मोंबाशात होतो, आणि नेवाल्याहून येणाऱ्या फोनांत विषय तोच होता.

केनियातल्या चहाच्या डोंगरात पानांच्या खरेदी केंद्रावर उभा राहिलो तेव्हा मला आधी काही वेगळे वाटले नाही. तिथेही काटा, तिथेही चिठ्ठी. लहान शेतकऱ्यांच्या चहाची ही यंत्रणाही १९६४ मध्ये सरकारनेच उभी केली होती, म्हणून केनियाला सरळ भांडवलशाहीचे उदाहरण म्हणताना जपूनच बोलावे लागते. फरक असा की तिथे पाने घालणाऱ्या बाईला महिन्याचे पैसे कधी जमा होणार हे ठाऊक होते, आणि वर्षाअखेरचा बोनस कमी आला तर ती कारखान्याच्या सभेत तावातावाने भांडत असे. शिवाय खासगी कारखान्याची गाडी खालच्या रस्त्यावरून जात असे. नियमाप्रमाणे तिला पाने द्यायची नसतात, पण देणारे देतात, आणि ती गाडी आहे हे केंद्रावरच्या माणसालाही माहीत असते.

याच केनियाने २००९ मध्ये कच्च्या काजूच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा किनाऱ्यावरच्या किलिफी भागातल्या काजू उत्पादकापुढे देशातल्या मोजक्या कारखान्यांखेरीज गिऱ्हाईक उरले नाही. त्या भागातल्या शेतकऱ्यांशी बोललो तेव्हा ते मला नेवाल्यातल्या लोकांसारखेच बोलताना वाटले. म्हणून माझे म्हणणे केन्याटांच्या राज्याची भलामण नाही. ते राज्य जमिनीच्या बाबतीत फार चुकले. दुसरे गिऱ्हाईक शेतकऱ्यापुढे उभे राहू देणारी व्यवस्था मला अधिक माणुसकीची वाटते, आणि माझ्या पाहण्यात ती खासगी व्यापाराला जागा देणाऱ्या देशात जास्त वेळा आढळली. ज्यांच्या मनात राष्ट्रबांधणीचा प्रश्न पहिला आहे त्यांचा कौल न्येरेरे यांच्याकडे गेला तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. शाळा आणि भाषा त्यांच्याकडूनच घ्यावी. पीक विकत घेण्याचा एकाधिकार मात्र घेऊ नये, असे मला नम्रपणे वाटते.

माझ्या चौथ्या हंगामात, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, एक गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेल्या सात चिठ्ठ्या घेऊन आमच्या गोदामाशी आले होते. एकूण ६१२ किलो बी, सगळी नोव्हेंबरात काट्यावर घातलेली. मुलीला माध्यमिक शाळेत जागा मिळाली होती आणि फी, गणवेश, वह्या यांसाठी त्यांना त्या चिठ्ठ्या माझ्याकडे गहाण ठेवायच्या होत्या. नियमाने मला त्या घेता येत नव्हत्या. मी जवळचे काही पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. भीक नको, स्वतःच्या मालाचे पैसे हवेत, असे ते शांतपणे म्हणाले. त्यांचा पहिला हप्ता मार्चमध्ये आला. मुलगी त्या शाळेत पुढच्या वर्षी गेली.