चार नवे टायर फुकट, आणि १,१५,३०० रुपयांचा चुना

जुनी पिकअप घेताना "चारही टायर नवे टाकून देतो, त्याचे पैसे नकोत" असं कोणी म्हणालं, तर हात जोडायच्या आधी टायरवरचा आकडा वाचा. आम्ही वाचला नाही. पंधरा वर्षं डिझेल गाड्या वापरणाऱ्याला हे दिसू नये, याची लाज पैशांपेक्षा जास्त आहे.

काम होतं रस्ता फोडायचा कॉम्प्रेसर ओढण्याचं. ट्रॉलीसकट वजन सव्वा टनाच्या आसपास. दहिसर चेकनाक्याजवळच्या एका यार्डात दोन गाड्या दाखवल्या, दोन्ही २०२१ च्या, बीएस ६. एक टाटा इंट्रा व्ही ३०, १४९६ सीसी. दुसरी बोलेरो पिकअप १.७ टनी, २५२३ सीसी. कागदावर ७० आणि ७५ हॉर्सपॉवर, फरक पाचाचा. पण ओढायच्या कामाला हॉर्सपॉवर काय चाटायची आहे? बघायचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर. इंट्राचा १४० न्यूटन मीटर, तोही १८०० आरपीएमपासून, म्हणजे इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेऊ लागल्यावर. बोलेरोचा २००, आणि १४०० पासून. मागे ट्रॉली असताना चढावर क्लच सोडतो, तेव्हा खालच्या आरपीएमला ताकद नसेल तर गाडी बंद पडते किंवा क्लच प्लेट जळते. म्हणून अडीच लिटरच्या बोलेरोवर बोट ठेवलं. निवड चुकली नव्हती आणि कंपनीच्या इंजिनात खोट नाही. खोट यार्डवाल्यात होती.

मायलेजची ट्रायल त्यानेच सुचवली. "शेठ, टाकी फुल करू, फिरून येऊ, परत फुल करू. हिशोब तुम्हीच करा." खानिवड्याच्या पुढे जाऊन परत. इंट्राने १४.२ दिलं. बोलेरोचं मीटर ८५ किलोमीटर दाखवत होतं, डिझेल बसलं ५.३ लिटर. म्हणजे १६.

इथेच गाडीतून उतरून घरी जायला हवं होतं. दुप्पट नाही तरी हजार सीसीने मोठं इंजिन, अंगाने जड गाडी, आणि मायलेज लहान इंजिनापेक्षा पावणेदोनने जास्त? असं होत नाही. हे माहीत असून मनातल्या मनात महिन्याचं डिझेल किती वाचेल याचा हिशोब चालू होता.

झालं होतं ते असं. पहिल्यांदा डिझेल भरताना नोझल कट झाल्यावरही त्याच्या पोऱ्याने गाडी हलवून हलवून गळ्यापर्यंत भरलं. परत आल्यावर पहिल्या कटलाच नोझल बाहेर. या दोन 'फुल'मध्ये अर्धा-पाऊण लिटर सहज जातं. पाचशे किलोमीटरच्या ट्रायलमध्ये त्याने काही बिघडत नाही, ऐंशीच्या ट्रायलमध्ये सगळं गणित फिरतं. दुसरी चोरी टायरची. या गाडीला ७.०० आर १५ लागतात, उंची ७५० मिलिमीटरच्या आसपास. त्याने घातले होते २१५/७५ आर १५, उंची ७०३. रिम तीच, टायर पिकअपचेच, डोळ्याला खुपत नाही. पण चाक लहान झालं की तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त होतात आणि मीटर पुढे पळतं. मोबाइलच्या जीपीएसवर अंतर ८० होतं, ते आम्ही नंतर पाहिलं. ८० भागिले खरे ५.९ लिटर, म्हणजे साडेतेरा, तेही रिकाम्या गाडीचं. टायर बदलायच्या आधी कॉम्प्रेसर मागे लावून मीटरवर ९.५ पडायचं, खरं ८.९.

त्याच टायरने ओढही वाढवून दाखवली. चाकाशी पोचणारा जोर म्हणजे इंजिनाचा टॉर्क गुणिले गिअर, भागिले चाकाची त्रिज्या. त्रिज्या सहा टक्के कमी केली की जोर सहा टक्के फुकट. घोडबंदरच्या गायमुख घाटात गाडी दुसऱ्यात आरामात चढली. मागे "दीड टन माल" म्हणून सिमेंटच्या तीस गोण्या.

त्या दिवशी काढलेला फोटो अजून मोबाइलमध्ये आहे. मागच्या चाकाजवळ स्प्रिंगचे पाटे स्वच्छ दिसतात. दीड टन माल असता तर मुख्य पाटे सपाट होऊन हेल्पर पाटा, म्हणजे जास्त वजनाला आधार देणारा वेगळा पाटा, ब्रॅकेटला टेकला असता. फोटोत दोघांमध्ये दोन बोटं फट आहे. पाट्यांची कमान जशीच्या तशी. गोण्या सिमेंटच्या असतील, आत सिमेंट नव्हतं. वजनकाट्याची पावती शंभर-दीडशे रुपयांत मिळते. मागा. "काटा बंद आहे" म्हणाला तर दुसऱ्या काट्यावर न्या.

आता इंजिन. सकाळी नऊला पोचलो तर बॉनेट गरम. "तुमच्यासाठी चालू करून ठेवली होती." गरम इंजिनाचं दुखणं दिसत नाही, म्हणून ठेवली होती. पहिला स्टार्ट थंडच घ्या, बॉनेटला हात लावून. डिपस्टिकवरचं ऑइल काकवीसारखं ओघळत होतं. जाड ऑइल ओतलं की पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा धूर आणि आवाज दोन्ही काही दिवस दबतात. ऑइल भरायचं झाकण उलटं करून तोंडावर ठेवा आणि इंजिन आयडलला सोडा. झाकण थरथरलं तर चालेल, नाचत खाली पडलं तर ब्लो-बाय आहे, म्हणजे सिलिंडरमधला गॅस रिंगांमधून खाली गळतोय, गाडी सोडा. आम्ही हे केलं नाही कारण पाऊस होता. हो, एवढंच कारण. तीन आठवड्यांनी ऑइल बदलल्यावर निळा धूर सुरू झाला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं तर चारपैकी तीन सिलिंडर २५-२६ बार, तिसऱ्या नंबरचा फक्त १७.

गाडी ६,१५,००० ला घेतली, ते वेगळं. रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, व्हॉल्व्ह धरून हाफ इंजिन ६८,५००. योग्य मापाचे चार टायर ३६,८००. आणि या सगळ्याची दलाली १०,००० आम्हीच दिली.

पोलीस चौकीत तीन फेऱ्या. पहिल्यांदा "साहेब बंदोबस्ताला". दुसऱ्यांदा "गाडी तुमच्या नावावर झाली ना? मग हा दिवाणी वाद." तिसऱ्यांदा सरळ हसून, "टायर लहान निघाले म्हणून चारसोबीस लावू?" फसवणुकीचं कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८ झालंय, हे त्यांना आम्ही सांगायचं! लेखी अर्जाची पोच मागितली तर शिक्का सापडेना.

आरटीओत तर त्याहून मजा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि ट्रायलला गाडी कोणी, किती किलोमीटर नेली याची नोंद ठेवावी लागते. ती नोंद मिळाली असती तर ८० आणि ८५ समोरासमोर आले असते. खिडकीवरच्या माणसाने असं काही असतं हेच पहिल्यांदा ऐकलं. वर पाठवलं. वरच्यांनी खाली पाठवलं. शेवटी उत्तर मिळालं की चासिस नंबर, इंजिन नंबर जुळतो, आमचं काम संपलं. गाडीची तब्येत आमच्याकडे नाही. मग कोणाकडे? इसार देण्याआधी यार्डवाल्याकडे हे अधिकारपत्र मागा. नसेल तर बोलणं तिथेच थांबवा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पहिला प्रश्न आला, गाडी धंद्यासाठी का? धंद्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तरच बसते. आमच्याकडे पगारी ड्रायव्हर, विषय संपला. स्वतः गाडी चालवत असाल तर तक्रारीच्या पहिल्याच ओळीत तसं लिहा.

आणि टायरचं माप मॅन्युअलमधूनच बघा, विकणाऱ्याच्या तोंडून नको. शंका आली तर टायरवर खडूने रेघ मारा, सपाट जागी एक फेरा गाडी ढकला, टेप लावा. या दोन मापांत फेऱ्यामागे जवळजवळ १५ सेंटीमीटरचा फरक येतो.

परवा त्याच यार्डाची नवी जाहिरात आली. १.७ टनी, एकहाती, चारही टायर नवे. फोटो मोठा करून टायरची कड वाचली: २१५/७५ आर १५.